वाढत्या अंगाचं इंजिन

माझ्या भाऊजींनी आयुष्यात कुणालाही अंगाबरोबर बसेल असा कपडा शिवला नाही. ताईचं लग्न झालं तेव्हा मी पाचवीत होते. नव्या भाऊजींनी मला पहिली भेट म्हणून शाळेचा फ्रॉक शिवला आणि तो मला नववीत नीट बसला. मधली चार वर्षं मी त्या फ्रॉकात तंबूत राहावं तशी राहिले. "वाढतं अंग आहे," भाऊजी म्हणाले होते. लहान पोरीचं एक वेळ ठीक, पण साठी ओलांडलेल्या पोस्टमास्तरांच्या कोटालाही त्यांनी दोन्ही बगलांत बोट बोट कापड सोडलं आणि कारण तेच सांगितलं.  पोस्टमास्तरांनी कोट घेतला, आभार मानले, घराला वळसा घातला आणि ते मागच्या दाराने ताईकडे गेले.

या मागच्या दाराबद्दल सांगायलाच हवं. घराची पुढची खोली म्हणजे दुकान आणि मागची खोली म्हणजे संसार. गिऱ्हाईक पुढून कपडा घेऊन बाहेर पडायचं आणि स्वयंपाकघराच्या दारात उगवायचं. ताई हात पुसत यायची आणि एकच प्रश्न विचारायची, "आत किती सोडलंय?" गिऱ्हाईक बोटांनी दाखवायचं. ताई तेवढं आत घ्यायची, इस्त्री फिरवायची आणि माणूस माणसासारखा दिसत घरी जायचा. चाळीस वर्षं हे चाललं. भाऊजींना ते माहीत होतं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. मला विचाराल तर पक्कं माहीत होतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि ही खोड चांगली धडधाकट होती.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींनी दुकान बंद केलं. एके सकाळी सुईत दोरा ओवायला त्यांना अकरा खेपा लागल्या. ताईने त्या मोजल्या नव्हत्या, त्यांनीच मोजल्या. त्या दिवशी त्यांनी कात्री तेल लावून कपाटात ठेवली आणि मला वाटलं, आता हा माणूस शांत बसेल. माझी नोकरी ग्रंथालयात, लोकांना शांत बसवणं हाच माझा धंदा, पण भाऊजींच्या बाबतीत मी सपशेल चुकले. रिकामे हात कुठे जातात, तर स्क्रूकडे. त्यांनी भिंतीवरचं घड्याळ उघडलं. ते आता वेळ बरोबर दाखवतं, पण टोले स्वतःच्या मर्जीने देतं. त्यांनी पंखा उघडला. तो तेव्हापासून वारा छताकडे पाठवतो. दर वेळी काही ना काही उरायचं, आणि उरलेलं सगळं एका काचेच्या बरणीत जायचं. बरणीवर त्यांच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी आहे: 'जास्तीचे'. कंपनीवाल्यांना हात राखून काम करता येत नाही, असं त्यांचं मत आहे.

त्याच सुमारास डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की गाडी गल्लीपुरती चालवा, लांबची नको. त्यांची लेक, म्हणजे माझी भाची, राहते तीन तासांवर. बसने जायचं तर दोन बस बदलाव्या लागतात आणि ताईला पहिल्याच बसमध्ये उलट्या सुरू होतात. भाचीला मुलगी झाली, ती आता सात महिन्यांची आहे, आणि आजोबांनी तिला एकदाच पाहिलं आहे. तिच्यासाठी त्यांनी भिंग लावून एक फ्रॉक शिवला. तो तिला बालवाडीत बसेल.

तेव्हा बासष्टाव्या वर्षी माझ्या बहिणीने ठरवलं, की गाडी आपणच शिकायची. कारण तिने कुणालाच सांगितलं नाही. "हौस आहे," एवढंच म्हणाली. भाऊजींना कारण कळलं होतं आणि त्यांनीही ते बोलून दाखवलं नाही. त्यांनी फक्त तिच्यासाठी सीटवर ठेवायची उशी शिवली, कारण ताईची उंची बेताची आणि त्या उशीशिवाय तिला समोरच्या काचेतून रस्ता दिसत नाही. उशी तेवढी बरोबर मापाची झाली. कारण ती ताईने समोर बसून शिवून घेतली.

टेस्ट दोनदा झाली आणि दोनदा ताई नापास. पहिल्या वेळी तिला परीक्षकांच्या शर्टाचं तिसरं बटण एका दोऱ्यावर लोंबकळताना दिसलं. तिने भर रस्त्यात गाडी थांबवली आणि पर्समधून सुईदोरा काढला. शेऱ्यात लिहून आलं: 'लक्ष रस्त्यावर नाही.' दुसऱ्या वेळी चढावर गाडी थांबवून पुन्हा न्यायची होती. ती मागे घरंगळली आणि 'सावकाश' असं लिहिलेल्या पाटीवर अगदी सावकाश जाऊन बसली. तिसरी टेस्ट या शनिवारी अकरा वाजता होती. ताई म्हणाली, "झालं तर झालं. नाहीतर विषय बंद." आणि ताईने बंद केलेला विषय पुन्हा उघडलेला मी जन्मात पाहिलेला नाही. म्हणजे शनिवारी गाडी चढली नाही, तर नात आजोबांना फोटोतच भेटणार होती.

बुधवारी ब्रेक तपासायला गाडी मेकॅनिककडे नेली, तर त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि ते बराच वेळ बाहेरच काढलं नाही. टायमिंग बेल्टला भेगा पडल्या होत्या. हा बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी पट्टा, तो खालचं चाक आणि वरचं चाक एका तालात फिरवतो. तो चालत्या गाडीत तुटला, तर पिस्टन वर येतं, व्हॉल्व्ह खाली येतो, दोघांची टक्कर होते आणि इंजिनाचा निकाल लागतो. बदलल्याशिवाय गाडी चालवू नका, असं मेकॅनिक म्हणाला, आणि त्याला स्वतःला दहा दिवस हात रिकामा नव्हता. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. शेजाऱ्याने स्वतःची गाडी टेस्टला देऊ केली, पण त्या गाडीचं छत बुटकं, सीटवर उशी ठेवली की ताईचं डोकं त्याला टेकायचं.

भाऊजी मात्र खुलले. "पट्टाच ना?" ते म्हणाले. "चाळीस वर्षं पायमशीनचे पट्टे बदललेत मी. पायाखाली मोठं चाक, वर लहान चाक, मधे पट्टा. यात वेगळं काय आहे?"

मी ताईकडे पाहिलं. ती घड्याळाकडे पाहत होती, तेवढ्यात त्याने पावणेपाचला नऊ टोले दिले.

गुरुवारी सकाळी काम सुरू झालं. घराच्या बाजूला भिंतीलगत गाडी उभी होती. तिथेच जॅक लावून पुढचं उजवं चाक काढलं. मी रजा टाकली होती, कारण दुरुस्तीचं पुस्तक आमच्या ग्रंथालयाचं होतं आणि भाऊजींचे तेलकट हात त्याला लागू देणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. मी पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून स्टुलावर बसले आणि मोठ्याने वाचू लागले. भाऊजी अर्धे चाकाच्या पोकळीत आणि अर्धे बाहेर. कानामागे शिंप्याचा खडू, गळ्यात टेप, कमरेला एप्रन. जणू इंजिन ट्रायलला आलं होतं.

निघालेली प्रत्येक वस्तू पुढच्या खोलीत कटिंगच्या, म्हणजे आताच्या जेवणाच्या टेबलावर जात होती आणि तिच्याशेजारी टाचणीने चिठ्ठी लागत होती. मी पुस्तकातली नावं वाचून सांगत होते, पण चिठ्ठीवर भाऊजींचीच नावं. बेल्टवरचं प्लास्टिकचं झाकण म्हणजे 'अस्तर'. इंजिनाला बाजूने धरून ठेवणारा लोखंडी तुकडा 'उजवा खांदा'. खालची मोठी पुली 'गळ्याचं बटण'. चार लांब बोल्ट, 'पुढचे टाके'. तीन आखूड बोल्ट, 'बाहीचे टाके'. मी म्हटलं, असल्या नावांवरून परत जोडता येईल का? ते म्हणाले, "कोट उसवून परत जोडता येतो, तर हे का नाही?" मी पुस्तकात डोकं घातलं, आणि त्या प्रश्नाचा मला अजून राग आहे.

दहाच्या सुमाराला शेजारी आला. गाडी देऊ करणारा तो हाच. गल्लीत त्याला सल्लागार म्हणतात. हा गृहस्थ हात मागे बांधून उभा राहतो आणि कुठल्याही कामाला हात लावत नाही, पण त्याच्याशिवाय गल्लीत खिळाही ठोकला जात नाही. उंटावरचा शहाणा तरी उंटावर असतो, हा आमच्या पायरीवर असतो. गळ्याचं बटण सुटेना, म्हणजे पुलीचा बोल्ट हलेना, तेव्हा त्याने सांगितलं की गाडी पाचव्या गिअरमध्ये टाका आणि कुणाला तरी ब्रेकवर बसवा. मला त्याचं म्हणणं बरोबर निघालेलं आवडत नाही, पण निघालं. ताई उशीवर बसून ब्रेक दाबून राहिली, भाऊजींनी पान्याला नळाचा लांब पाइप लावला आणि सल्लागाराने एक-दोन-तीन म्हटलं. तिसऱ्याला बोल्ट सुटला आणि भाऊजी पाइपासकट माझ्या मांडीवर आले. पुस्तक वाचलं, पिशवीमुळे.

त्यानंतरचं काम मात्र त्यांनी देखणं केलं, हे मला कबूल करायला हवं. वरच्या चाकावर एक खूण असते आणि खालच्या चाकावर एक, आणि दोन्ही आपापल्या जागी आल्याशिवाय जुना पट्टा काढायचा नाही. भाऊजींनी भिंग डोळ्याला लावून दोन्ही खुणा शोधल्या आणि त्यांवर पांढऱ्या खडूने रेघा मारल्या. अशा बारीक आणि सरळ, की पोस्टमास्तरांच्या कोटाच्या कापडावरच्या रेघांची आठवण यावी. पट्ट्याला ताण देणारी छोटी फिरकी ढिली केली आणि जुना पट्टा निघाला. तो त्यांनी टेबलावर पसरला, शेजारी मेकॅनिककडून आणलेला नवा ठेवला आणि दात मोजले. दोन्हीकडे सारखे भरले. त्यांनी समाधानाने घसा खाकरला आणि मी ग्रंथालयात असल्यासारखी "शू" म्हणाले. सवय.

शुक्रवारी सकाळी नवा पट्टा चढवला. मी ठळक अक्षरातली ओळ वाचली: पट्टा बसवल्यावर इंजिन पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावं आणि दोन्ही खुणा तंतोतंत जुळतात का पाहावं. भाऊजींनी फिरवलं. एक फेरा, दुसरा फेरा. कुठे अडलं नाही, कुठे खटकलं नाही. भिंगातून बघून ते म्हणाले, "जुळल्या. सोडलेला दात धरून."

मी त्याच क्षणी विचारायला हवं होतं की सोडलेला दात म्हणजे काय. पण पुढच्या पानावर कुणा वाचकाने पेन्सिलीने मिशा काढल्या होत्या आणि माझं डोकं त्या वाचकाच्या मागे लागलं. चूक माझीही आहे. मी ती कुठेही कबूल करायला तयार आहे, फक्त सल्लागारासमोर नाही.

अस्तर बसलं, खांदा बसला, टाके पडले, चाक लागलं. बरणीत टाकायला या वेळी काहीही उरलं नाही, आणि भाऊजींना ते जरा चुकल्यासारखंच वाटलं. ताईने पदर खोचला, उशी ठेवली, किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं. आमचा जीव भांड्यात पडला आणि भांड्यासकट पुन्हा बाहेर आला, कारण गाडी थरथरायला लागली. आरसे हलत होते, बॉनेट हलत होतं, उशीवर ताई हलत होती. मागून धूर कमी आणि खोकला जास्त येत होता. तरी ताईने तशीच गाडी गल्लीच्या टोकाच्या चढावर नेली. चढ कसला, पाणी साचू नये म्हणून केलेला उतारच तो. गाडी अर्ध्यावर पोचली, दोनदा उचकी दिली आणि बंद पडली.

आम्ही ती ढकलत परत आणली. सल्लागार पहिल्यांदाच कामाला हात लावायचा म्हणून पुढे झाला आणि हात न लावता शेजारून चालला. गाडी भिंतीलगत उभी राहिल्यावर त्याने निकाल दिला.

"खूण चुकली असणार," तो म्हणाला. "या वयात नजरेचा भरवसा नसतो. माणसाने ओळखून राहावं."

तो वाईट मनाने बोलला नसेल, पण मला त्याच्या डोक्यावर पुस्तक हाणावंसं वाटलं, पिशवीसकट. भाऊजींनी चष्मा काढला, एप्रनच्या टोकाने पुसला आणि पुन्हा डोळ्याला लावलाच नाही. ते माझ्या स्टुलावर बसले. रोजचे भाऊजी असते, तर एवढ्यात कंपनीवाल्यांच्या चार चुका काढून मोकळे झाले असते.

"चुकली असेल नजर," ते म्हणाले. "मला वाटलं दिसलं, पण दिसलं नसेल. उद्याचं रद्द करू या. मी आता काही उघडत नाही."

त्यांनी कानामागचा खडू काढून माझ्या हातात दिला.  माझ्या लग्नात, ताईच्या सासऱ्यांच्या आजारपणात, दुकान बंद केलं त्या दिवशीसुद्धा मी या माणसाला पडलेल्या चेहऱ्याने बसलेलं पाहिलं नव्हतं. मला रडू येत होतं, आणि रडू आलं की मी चिडते. म्हणून मी सल्लागाराला विचारलं, की तुम्हाला घरी काही कामं नाहीत का.

ताई गाडीतून उतरली. मला वाटलं, आता ती कडाडणार. दोन दिवस तिने टेबलावर जेवणाऐवजी बोल्ट पाहिले होते आणि उद्याची टेस्ट डोळ्यांदेखत बुडत होती. ती सावकाश भाऊजींच्या समोर येऊन उभी राहिली आणि हात पदराला पुसले.

"आत किती सोडलंय?" तिने विचारलं.

चाळीस वर्षं हा प्रश्न तिने मागच्या दारात गिऱ्हाइकांना विचारला होता. भाऊजींना तो पहिल्यांदाच विचारला जात होता. ते आधी जमिनीकडे आणि मग गाडीकडे बघत राहिले.

"एक दात," ते म्हणाले.

"कुठे?"

"वरच्या चाकाला. अगं, नवा पट्टा आहे, ताठ बसला की आवळतो. पायमशीनला पट्टा घट्ट लावला की पाय भरून येतात. म्हटलं, इंजिनाला थोडी हालचालीला जागा असावी."

"म्हणजे खूण दिसली होती तुम्हाला?"

"दिसली होती ना. स्वच्छ दिसली. म्हणून तर मोजून एकच दात सोडला."

सोडलेला दात ही चूक असू शकते, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मोकळं सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी भलं करणं. तेव्हा गाडी बिघडली, तर चूक दुसरीकडेच असणार, आणि ती आपल्या डोळ्यांची, असा त्यांनी निवाडा करून टाकला होता. ताई सल्लागाराकडे वळली.

"ऐकलंत?" ती म्हणाली. "भिंगातून एक दात मोजून सरकवलाय. नजर शाबूत आहे यांची. खोड आहे, आणि ती मला ठाऊक आहे."

मग तिने स्टुलावरच्या माणसाच्या नाकावर चष्मा चढवला, माझ्या हातातला खडू काढून त्यांच्या कानामागे खोचला आणि म्हणाली, "उठा. उसवा."

त्या दुपारी मी जे पाहिलं, ते गेल्या चाळीस वर्षांत मागच्या दाराआड होत असणार. फरक एवढाच की या वेळी कपडा शिवणारा आणि तो आत घेणारी एकाच चाकाच्या पोकळीत होते. काल जे उसवायला दिवस लागला ते आज तीन तासांत उसवलं, कारण चिठ्ठ्या बिनचूक होत्या. 'बाहीचे टाके' कुठले आणि 'पुढचे टाके' कुठले, हे आता मलाही पाठ झालं होतं. भाऊजींचा हात वरच्या चाकामागे जात नव्हता, ताईचा गेला. परकराच्या नेफ्यातून नाडी ओवावी तसा तिने तो पट्टा चिमटीत धरून दातादातावर बसवत नेला. भाऊजी भिंगातून बघत सांगत होते, पुढे, अजून जरा, बास.

"बास म्हणजे बास?" ताईने आतूनच विचारलं. "की तुमचं बास?"

"खरं बास," भाऊजी म्हणाले.

फिरकीचा ताण दिला. हाताने दोन फेरे फिरवले. दोघांनी आळीपाळीने भिंगातून पाहिलं आणि मग मलाही पाहायला लावलं. रेघेवर रेघ होती. मी ठळक अक्षरातली ती ओळ पुन्हा एकदा वाचून दाखवली, आणि या वेळी सोडलेला दात म्हणजे काय ते मला विचारावं लागलं नाही. दिवस मावळायच्या आत गाडी गल्लीच्या टोकाचा चढ चढली, उतरली आणि पुन्हा चढली. इंजिनाचा आवाज इतका बारीक, की मीसुद्धा त्याला शू म्हटलं नसतं. सल्लागार म्हणाला की त्याला पहिल्यापासून तेच वाटत होतं.

शनिवारी अकराला टेस्ट होती. आत फक्त परीक्षक आणि उमेदवार, म्हणून भाऊजी आणि बसने आलेली मी मैदानाच्या कठड्याला टेकून उभे. परीक्षक तेच. बसताना त्यांचा हात छातीपाशी गेला आणि मी श्वास रोखला, कारण तिसरं बटण आता लोंबकळत नव्हतं. ते गळूनच गेलं होतं. आता ताई सुईदोरा काढल्याशिवाय राहत नाही, असं मला वाटलं. पण तिने समोर पाहिलं, आरसा पाहिला आणि निघाली.

चढावर गाडी अर्ध्यात थांबली. थांबायचंच होतं. मागच्या वेळची पाटी नव्याने रंगवून तिथेच उभी होती. माझ्या शेजारी काहीतरी हलतंय असं वाटलं म्हणून पाहिलं, तर भाऊजींचा उजवा पाय. टाच जमिनीवर, चवडा खाली-वर, पायमशीन चालवावी तसा. तो पाय आणि गाडी एकदमच निघाले. गाडी तसूभरही मागे न येता सरळ वर गेली आणि पलीकडे दिसेनाशी झाली. भाऊजींचा पाय त्यानंतरही बराच वेळ चालू होता.

ताईने शिक्का बसलेला कागद आधी हातात घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला, आणि मगच सुईदोरा आणि एक सुटं बटण काढलं. परीक्षकांनी मुकाट्याने शर्ट पुढे केला.

मग भाऊजी सवयीने गाडीच्या उजव्या दाराशी गेले. तिथे ताई बसलेली. ते थोडे थांबले आणि वळसा घालून डाव्या दाराने आत बसले. मी मागचं दार उघडलं, तर मागच्या सीटवर पिशव्या. दोन दिवसांचे कपडे, पाण्याच्या बाटल्या, आणि वर कागदात बांधलेला तो फ्रॉक. सीट भरलेली होती. ताईने सकाळीच सगळं भरून ठेवलं होतं, आणि मला त्यात धरलं नव्हतं. "तू बसने घरी जा," ती म्हणाली. "तुला उलट्या होत नाहीत." फ्रॉकच्या कागदाची गाठ ताईच्या पद्धतीची होती. म्हणजे तोही आत घेऊन झाला होता, हे मला न विचारता कळलं, आणि भाऊजींनाही कळलं असावं.  ते नुसते गाठीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते त्यांनी लपवलंही नाही.

ताईने आरसा लावला आणि त्यांना सीटबेल्ट लावायला सांगितलं. त्यांनी लावला. ताईने वळून पाहिलं. छातीवरच्या पट्ट्याखाली त्यांनी दोन बोटं घालून ठेवली होती, थोडी जागा असावी म्हणून.

"बोटं काढा," ताई म्हणाली.

त्यांनी बोटं काढली. ताईने पट्टा एकदा ओढून बघितला आणि गाडी काढली. मी बस थांब्याकडे चालायला लागले.